फेरेटच्या इन्सुलिनोमासाठी पूरक औषधांची पडताळणी : प्रकल्प नोंदी, इंदूर

१२ जानेवारी २०२५, रामबाग

रुग्णालयाच्या औषध विभागात आयुष्य घालवून निवृत्त झाल्यावर पुन्हा अशी वही उघडावी लागेल असे वाटले नव्हते. भाचीने बेंगळुरूहून परत येताना सोबत आणलेला खंडू नावाचा फेरेट (मुंगसासारखा दिसणारा छोटा पाळीव प्राणी; नर, वय साडेपाच वर्षे, वजन ११५० ग्रॅम, लहानपणीच नसबंदी झालेला) गेल्या महिन्यापासून मधूनच शून्यात पाहत बसे, तोंडाला पुढचे पंजे घासत लाळ गाळी आणि पलंगावर चढताना मागचे पाय ओढू लागे. पशुवैद्यकांनी त्याला आपल्या देखरेखीखाली चार तास उपाशी ठेवून रक्त घेतले, तेव्हा साखर डेसिलिटरमागे ५४ मिलिग्रॅम निघाली. निरोगी फेरेटमध्ये ती साधारण ९० ते १२५ असते आणि उपाशीपोटी ६० च्या खाली गेली की स्वादुपिंडातील इन्सुलिन स्रवणाऱ्या गाठीचा, म्हणजे इन्सुलिनोमाचा, दाट संशय धरला जातो. फेरेटमध्ये हा कर्करोग अतिशय वारंवार आढळतो. अधिवृक्क (ॲड्रेनल) ग्रंथीचे विकार आणि लिम्फोमा, म्हणजे लसिका पेशींचा कर्करोग, हे त्याच्या जोडीचे.

शस्त्रक्रियेबद्दल डॉक्टरांनी सविस्तर सांगितले. या गाठी बहुधा बारीक आणि एकाहून अधिक असतात, त्यामुळे दिसतील तेवढ्या काढल्या तरी काही महिन्यांनी साखर पुन्हा उतरू शकते. भाचीने तूर्त औषधोपचार निवडला असून प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड दिवसातून दोनदा सुरू झाले आहे. ते गाठ लहान करत नाही; यकृताला साखर तयार करायला लावते आणि पेशींकडून होणारी साखरेची उचल कमी करते.

माझ्याकडे आलेले काम वेगळे आहे. ही बातमी पसरताच भाचीच्या फोनवर पूरक औषधांची रांग लागली. कोणी चूर्ण सुचवले, कोणी अळंबीच्या कॅप्सूल, कोणी कॅनडाचा काढा. ‘मामा, यातलं काय द्यायचं ते तुम्हीच ठरवा,’ असे म्हणून तिने ती सगळी यादी माझ्या स्वाधीन केली. ठरवायचे डॉक्टरांनी, प्रत्येक बाटलीत नेमके काय आहे आणि ते या प्राण्याच्या शरीरात कोणत्या दिशेने काम करील, एवढे शोधून त्यांच्यापुढे ठेवणे हा माझा प्रकल्प.

१४ जानेवारी

संक्रांत. खंडूला मुंगूसच समजणाऱ्या शेजारच्या काकूंनी त्यालाही प्रेमाने तिळगूळ देऊ केला. (फेरेट मुंगसाच्या कुळातला नाही. तो ऊद आणि चित्रोळ यांच्या गोतातला.) त्यामुळे वहीतील ‘देऊ नये’ या सदरातली पहिली नोंद तिळगुळाची झाली.

साखर कमी पडते तर गोड का देऊ नये, हा काकूंचा प्रश्न मात्र रास्त होता. गोड पोटात जाताच गाठीतल्या पेशी इन्सुलिनचा लोंढा सोडतात आणि तासाभरात साखर आधीपेक्षाही खाली जाते. म्हणून गोडाचा उपयोग एकाच प्रसंगी करायचा: प्राणी कोसळला किंवा झटका आला, तर कापसाच्या काडीने हिरडीला किंचित मध चोळावा, दातांत बोट सापडणार नाही याची काळजी घ्यावी, आणि शुद्धीवर येताच मांसाचे खाणे द्यावे. एरवी दर तीन-चार तासांनी प्रथिने व चरबी यांनी युक्त खाणे हाच पाया आहे, कारण फेरेट शुद्ध मांसाहारी असून त्याच्या आखूड आतड्यातून अन्न तेवढ्याच वेळात पुढे सरकते.

१७ जानेवारी

प्रत्येक वस्तूसाठी चार रकाने आखले: साखरेवर परिणाम, अनुपान, प्रेडनिसोलोनशी संबंध, आणि वजनाच्या हिशोबाने मात्रा. अनुपान हा वैद्यकातला जुना शब्द मुद्दाम घेतला. औषध कशातून दिले जाते, मधातून, दुधातून, तेलातून की मद्यातून, याकडे ग्राहक पाहत नाही आणि पुष्कळदा घात तिथेच असतो.

याची सुरुवात मुख्य औषधापासूनच करावी लागली. किलोमागे अर्धा मिलिग्रॅम म्हणजे खंडूला एका वेळी सुमारे ०.६ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन लागते आणि ५ मिलिग्रॅमच्या गोळीचा नववा भाग हाताने तोडणे अशक्य आहे. लहान मुलांसाठीचे द्रवरूप औषध मिलिलिटरमागे एक मिलिग्रॅमचे मिळते, पण मुलांनी प्यावे म्हणून ते गोड केलेले असते. दवा बाजारात तासभर उभे राहून तीन उत्पादनांच्या वेष्टनांवरील बारीक अक्षरे भिंगाने वाचली. झायलिटॉल हा गोडवा कोणत्याही रूपात नको, कारण कुत्र्यांमध्ये तो स्वादुपिंडातून इन्सुलिनचा पूर आणतो. शेवटी डॉक्टरांच्या सांगण्यावरून गोळीची पूड पाण्यात कालवून, सिरिंजने मोजून, ताज्या कोंबडीच्या रश्श्यातून देण्याचे ठरले.

२१ जानेवारी

आज सियागंजात जडीबुटीच्या दुकानात गेलो आणि या प्रकल्पातील सर्वांत मोठा धोका कोणता, ते तिथेच उमगले. यादीतील देशी वनस्पती मांडून पाहिल्या तर कारले, मेथी, जांभूळबीज, गुडमार, गुळवेल, कडुनिंब, तुळस आणि अश्वगंधा अशी नावे निघतात. सुचवणाऱ्यांच्या मनात विचार असा की आजार स्वादुपिंडाचा आहे, त्याचा साखरेशी संबंध आहे, आणि आपल्याकडे ‘शुगरवाल्यांना’ हेच देतात. आजार मात्र नेमका उलट्या बाजूचा आहे. मधुमेहात इन्सुलिन अपुरे पडते. इथे ते अंगावर येते. पिढ्यान्‌पिढ्या आपल्या घरगुती औषधज्ञानाने साखर उतरवण्याचीच साधने जमवली, कारण माणसांना तीच गरज होती. साखर चढवून ठेवायची गरज असलेला रोगी त्या परंपरेला क्वचितच भेटला असेल.

गुडमारला मधुनाशिनी असेही म्हणतात. तिचे पान चावले की जिभेला काही वेळ गोड चव कळत नाही, हा खेळ लहानपणी आम्ही केलेला आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तिचा अर्क इन्सुलिनचा स्राव वाढवतो, असे प्रयोगांत दिसले आहे. मेथीदाण्यातील एक अमिनो आम्ल हेच काम करते आणि कारल्यात इन्सुलिनसारखे वागणारे प्रथिन आहे. मधुमेह्याला हितकारक ठरू शकणारे हे तिन्ही गुण इन्सुलिनोमाच्या रोग्याला अपायकारक आहेत. दुकानदाराने ‘स्वादुपिंडाचे खास चूर्ण’ म्हणून काढून दिलेल्या पुडीत हे तिन्ही पदार्थ होते. दुकानदाराचा हेतू वाईट नव्हता. त्याने ऐकले ते ‘स्वादुपिंड’ आणि दिले तेही स्वादुपिंडाचेच.

या आठही वनस्पतींपुढे ‘देऊ नये’ असे लिहिले. अश्वगंधेच्या बाबतीत भाचीने थोडा वाद घातला, कारण तिची मैत्रीण आपल्या म्हाताऱ्या कुत्र्याला ती देते आणि कुत्रा तरतरीत झाला आहे. त्या कुत्र्याला इन्सुलिनोमा नाही, एवढेच उत्तर माझ्यापाशी होते.

२६ जानेवारी

अनुपानाचा रकाना भरण्यात सुट्टीचा दिवस गेला. आसव आणि अरिष्ट यांत आंबवण्याच्या क्रियेतून आपोआप मद्य तयार होते, वेष्टनावर तसे छापलेलेही असते, आणि आंबवण्यासाठी घातलेला गूळ वेगळाच. मद्य यकृतातील नवी साखर घडवण्याची क्रिया रोखते. म्हणजे प्रेडनिसोलोन ज्या दारातून मदत आत आणते, ते दारच मद्य बंद करते. परदेशातून मागवल्या जाणाऱ्या वनस्पतींच्या मद्यार्कांनाही हीच हरकत आहे. वहिनींनी ताकदीसाठी सुचवलेल्या च्यवनप्राशाचा मोठा भाग साखरेचाच असतो. शिवाय फेरेटचे शरीर क जीवनसत्त्व स्वतः बनवते, त्यामुळे आवळ्याची त्याला गरज नाही.

पारा-गंधकाची कज्जली असलेली रसौषधे एका ओळीत निकालात काढली. सव्वा किलोच्याही आतल्या प्राण्यावर तो प्रयोग करण्याची माझी तयारी नाही.

३ फेब्रुवारी

हळद. हिच्यावर सर्वांत जास्त वेळ गेला, कारण सर्वांत जास्त आग्रह हिचाच आहे आणि प्रयोगशाळेतील काचपात्रात कर्कपेशींवर कुर्कुमिनचा परिणाम दिसतो हे खरेही आहे. प्रश्न आहे तो काचपात्रापासून गाठीपर्यंतच्या प्रवासाचा. साध्या हळदीत कुर्कुमिन वजनाच्या तीनेक टक्केच असते आणि पोटातून ते रक्तात फारच थोडे उतरते, कारण आतडे व यकृत त्याला लगेच ग्लुक्युरोनिक आम्लाशी जोडून बाहेरची वाट दाखवतात. यावर उपाय म्हणून कॅप्सूलमध्ये मिऱ्यातले पायपरिन घालतात. बेंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी १९९८ साली दाखवले की २० मिलिग्रॅम पायपरिन सोबत दिल्यास माणसाच्या रक्तातील कुर्कुमिनची उपलब्धता २००० टक्क्यांनी वाढते. हाच आकडा वेष्टनांवर अभिमानाने छापला जातो.

पायपरिन हे करते कसे, ते मात्र वेष्टनावर नसते. औषधे निकामी करून बाहेर टाकणारी शरीराची यंत्रणा ते मंदावते आणि ती यंत्रणा एकट्या कुर्कुमिनची नाही. प्रेडनिसोलोनही काही अंशी त्याच मार्गाने जाते. म्हणजे डॉक्टरांनी मोजून ठरवलेली मात्रा मिऱ्यामुळे न मोजता वाढण्याची शक्यता राहते. त्यात फेरेटचे यकृत ग्लुक्युरोनाइड जोडण्याच्या बाबतीत मांजराच्या वळणाचे आहे: पॅरासिटामॉल अशा रीतीने जोडण्याची त्याची गती मंद असते आणि म्हणूनच ते त्याला विषारी ठरते. माणसासाठी सुरक्षित ठरलेले आकडे इथे जसेच्या तसे आणता येत नाहीत.

मात्रेचा हिशोबही करून पाहिला. साठ किलोच्या माणसाला ५०० मिलिग्रॅमची एक कॅप्सूल, या प्रमाणात खंडूच्या वाट्याला दहाएक मिलिग्रॅम येतात. अख्खी कॅप्सूल उघडून खाण्यावर भुरभुरवली, तर माणसाने एका बैठकीत पन्नासहून अधिक कॅप्सूल गिळल्यासारखे होईल. हळदीचे दूध तर दोन्हीकडून नको, कारण प्रौढ फेरेटला दुधातली शर्करा पचत नाही.

निर्णय: पायपरिनयुक्त कॅप्सूल देऊ नये. रश्श्यात चिमटीभर हळद पडली तर घाबरण्याचे कारण नाही, पण तिला औषध म्हणू नये.

११ फेब्रुवारी

घरच्या ग्लुकोमीटरवर ६१ आले आणि भाची घाबरली; त्याच वेळच्या रक्ताचा प्रयोगशाळेतील आकडा ७८ होता. माणसांसाठी बनवलेली यंत्रे फेरेटच्या रक्तातील साखर प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवतात. माणसाची साखर तांबड्या पेशी आणि रक्तद्रव यांत ज्या प्रमाणात वाटलेली असते, ते प्रमाण या प्राण्यात वेगळे आहे. यापुढे एकच यंत्र, एकाच प्रकारच्या पट्ट्या, खाण्यानंतरचा ठरलेला वेळ, आणि सुट्या आकड्याऐवजी चढ-उताराकडे लक्ष, असा नियम केला. पूरक औषधाने ‘साखर वाढली’ असे सांगणारे पुष्कळ अनुभव यंत्र बदलल्याने किंवा जेवणाची वेळ हलल्याने आलेले असणार, असा माझा कयास आहे.

१८ फेब्रुवारी

गुळवेल पुन्हा चर्चेत आली, या वेळी प्रतिकारशक्तीच्या नावाने. ती साखर उतरवते हा आक्षेप आधीच नोंदवला आहे. शिवाय कोविडच्या काळात मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले रुग्ण नोंदवले. आयुष मंत्रालयाने हा निष्कर्ष अमान्य केला. त्या वादात मला पडायचे नाही, मात्र स्टेरॉइडवर असलेल्या प्राण्याच्या यकृतावर वादग्रस्त ओझे टाकू नये, एवढे मला पुरेसे आहे.

ज्येष्ठमधाचे प्रकरण अधिक रंजक आहे. स्टेरॉइडने पोटात आम्ल वाढते म्हणून कोणी तरी ती सुचवली आणि आम्लपित्तावर ती आपल्या घरोघरी वापरली जाते. ज्येष्ठमधातील ग्लिसिरायझिन मात्र शरीरातले स्टेरॉइड निष्क्रिय करणाऱ्या विकराला (एन्झाइमला) अडवते, त्यामुळे प्रेडनिसोलोनचा परिणाम वाढतो आणि पोटॅशियम घटते. वरवर पाहता याने साखर चढेल, म्हणजे आपल्या फायद्याचेच झाले, असा मोह मलाही क्षणभर झाला. डॉक्टरांना विचारले तेव्हा ते म्हणाले, ‘स्टेरॉइड वाढवायचंच असेल तर मी सिरिंजवरची रेघ वाढवीन. मुळी किती वाढवील ते तुम्ही कसं मोजणार?’ वहीत ‘देऊ नये’.

१ मार्च

परदेशी वस्तूंचा दिवस. टर्की टेल नावाच्या अळंबीच्या अर्काची ख्याती २०१२ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून आलेल्या एका अभ्यासावर उभी आहे. त्यात प्लीहेचा हिमँजिओसार्कोमा (रक्तवाहिन्यांच्या पेशींचा कर्करोग) झालेले पंधरा कुत्रे होते, अर्काच्या तीन मात्रांसाठी पाच-पाचांचे तीन गट केले होते, आणि सर्वाधिक मात्रेच्या गटातील मध्यक आयुष्य १९९ दिवस निघाले. अर्क न दिलेला तुलनेचा गट त्यात नव्हता. पुढे शंभरावर कुत्र्यांवर अधिक काटेकोर अभ्यास झाला आणि २०२२ साली प्रसिद्ध झाला. त्यात केवळ अर्कावर ठेवलेल्या कुत्र्यांना केमोथेरपीवरच्या कुत्र्यांपेक्षा अधिक आयुष्य लाभलेले दिसले नाही. विक्रेत्याच्या माहितीपत्रकात पहिला अभ्यास आहे, दुसरा नाही. रोग वेगळा, प्राणी वेगळा, हे आणखी निराळेच. घातक नाही, पण महाग आहे. ‘आवश्यक नाही’ असे नवे सदर यासाठी उघडले.

एसिॲक (Essiac) हा कॅनडातील परिचारिका रेने केस (Caisse) यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रसिद्धीस आणलेला काढा आहे आणि त्याचे नाव त्यांच्या आडनावाची अक्षरे उलटी लिहून बनलेले आहे. त्यात चुक्याच्या जातीची एक पालेभाजी आणि रेवंदचिनी असते. पहिलीत ऑक्झॅलेट भरपूर आणि दुसरी रेचक. पोट बिघडून खंडूचे एक जेवण जरी चुकले, तरी आपल्याला ते परवडणार नाही. देऊ नये.

मेलाटोनिन हे झोपेशी निगडित संप्रेरक फेरेटमधील अधिवृक्क विकारासाठी वापरतात. त्यात शेपटीपासून केस गळू लागतात आणि मेलाटोनिनने केस परततात, पण गाठीची वाढ थांबते असे नाही. खंडूचे केस शाबूत आहेत. सुचवणाऱ्याने दोन आजारांची गल्लत केली आहे.

९ मार्च

अखेर ‘देता येईल’ या सदरात पहिली नोंद झाली: माशाचे तेल, तेही डॉक्टरांच्या संमतीने आणि थेंबांत. याला थोडा आधार आहे. लिम्फोमा झालेल्या कुत्र्यांना केमोथेरपीसोबत माशाचे तेल व आर्जिनिन यांनी युक्त आहार दिला असता काही कुत्र्यांमध्ये रोगमुक्त काळ लांबला, असे २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले होते. इन्सुलिनोमाबाबत त्यावरून काही सिद्ध होत नाही. पण तेलात साखर नाही, चरबी या प्राण्याला चालते, आणि वास आवडल्याने खाणे वाढते, हा फायदा प्रत्यक्ष आहे.

अट दोन गोष्टींची. कॉड माशाच्या यकृताचे तेल नको, कारण त्यात अ आणि ड जीवनसत्त्वे साठून विषबाधा होऊ शकते. दुसरे म्हणजे तेल खवट झालेले नसावे. मिंक या फेरेटच्या नातेवाईकाला खवट माशाची चरबी खाऊ घातली की ई जीवनसत्त्व संपून शरीरातील चरबी पिवळी पडते व सुजते. मिंकपालन करणाऱ्यांना हा रोग चांगला ठाऊक आहे. म्हणून लहान बाटली घेतली, ती शीतकपाटात ठेवली आणि उघडल्याची तारीख झाकणावर लिहिली.

सिलिमारिन या यकृतासाठी वापरल्या जाणाऱ्या वनस्पतिज अर्काची नोंद ‘विचाराधीन’ ठेवली आहे. पुढील रक्ततपासणीत यकृताचे आकडे वाढलेले आढळले तर डॉक्टर त्याचा विचार करतील.

१९ मार्च

रंगपंचमी. राजवाड्याकडे जाणारे रस्ते गेरमुळे (रंगपंचमीच्या मिरवणुकीमुळे) बंद, पाहुण्यांची वर्दळ, आणि या गोंधळात खंडूचे दुपारचे खाणे आम्हा दोघांच्याही लक्षातून निसटले. साडेतीनच्या सुमारास तो टोपलीत आडवा पडून पाय मारत असलेला भाचीला दिसला. हिरडीला मध चोळला, पाचेक मिनिटांत डोळे स्थिरावले, मग सिरिंजने कोंबडीचा लगदा दिला. डॉक्टरांशी फोनवर बोलणे झाले आणि प्रेडनिसोलोनची मात्रा किलोमागे ०.७५ मिलिग्रॅम केली.

तेल वेळेवर दिले होते, नोंदी वेळेवर लिहिल्या होत्या, खाणे तेवढे राहिले. भिंतीवर जेवणाच्या वेळांचा तक्ता लावला असून ज्याने भरवले त्याने तिथे सही करायची आहे. पूरक औषधांची वही आता त्याच्या खाली, दुसऱ्या खिळ्याला टांगली आहे.

२८ मार्च

फेरेट पाळणाऱ्यांत ब्रुअर्स यीस्ट (बिअर बनवण्यासाठी वापरले जाणारे किण्व) देण्याची जुनी चाल आहे; त्यातील क्रोमियममुळे साखर स्थिर राहते असे मानतात. क्रोमियम इन्सुलिनचा परिणाम वाढवते, म्हणूनच ते मधुमेह्यांच्या गोळ्यांत घालतात. ज्याच्या अंगात इन्सुलिनच अतोनात आहे, त्याला हे का द्यावे याचे उत्तर मला सापडले नाही. यीस्टमध्ये क्रोमियम अत्यल्प असल्याने त्याने अपाय झाला नसेल, हे शक्य आहे. पण मग लाभही त्याच कारणाने झाला नसणार. क्रोमियमच्या शुद्ध गोळ्या आणि अल्फा-लिपोइक आम्ल ही दोन्ही ‘देऊ नये’ मध्ये. लिपोइक आम्ल साखर उतरवते आणि मांजरांना कुत्र्यांपेक्षा खूप कमी मात्रेत बाधते.

७ एप्रिल

पारा चढू लागला आहे. तिशीच्या वरचे तापमान फेरेटला सोसत नाही, त्यामुळे खंडूचा मुक्काम कूलरऐवजी वातानुकूलित खोलीत हलवला आहे, कारण कूलरने दमटपणा वाढतो. वजन ११३० ग्रॅम. खाण्यानंतर दोन तासांची घरच्या यंत्रावरील साखर गेल्या आठवड्यात ६८ ते ८४ दरम्यान. रंगपंचमीनंतर झटका नाही.

तेलाच्या बाटलीचा वास आज किंचित बदलल्यासारखा वाटला. भाचीला तो जाणवला नाही, मला जाणवला. उघडून एकोणतीस दिवस झाले होते. बाटली टाकून दिली आणि नवी आणण्यापूर्वी आठवडाभर तेलाशिवाय वजन व भूक यांची नोंद ठेवायचे ठरवले, म्हणजे तेलाने काही फरक पडत होता की नाही ते तरी दिसेल.

वहीतील सव्वीस वस्तूंची यादी डॉक्टरांना दिली. त्यांनी सियागंजच्या पुडीचे पान दोनदा वाचले आणि त्याची एक प्रत आपल्या प्रतीक्षाकक्षातील फलकावर लावण्यासाठी हिंदीत करून मागितली. उद्या ती लिहायला घ्यायची आहे. गुडमारचे नाव ठळक अक्षरांत.